सोसायटीच्या ईमेल गटात उत्तर देताना मूळ ईमेल पूर्ण ठेवावा का?

नाही, ज्या वाक्याला आपण उत्तर देत आहात तेवढेच वाक्य, लिहिणाऱ्याच्या नावासह आणि शब्दांत फेरफार न करता ठेवावे व आपले म्हणणे त्याखाली लिहावे. इंटरनेटवरील शिष्टाचारासंबंधी १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘आरएफसी १८५५’ या दस्तऐवजातही संदर्भ कळेल इतकाच मूळ मजकूर घ्यावा, असे सुचवले आहे. ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरील आमच्या सोसायटीत टँकरच्या बिलावर चर्चा चालू असताना ‘सहमत आहे’ एवढ्या दोन शब्दांखाली आधीचे नऊ ईमेल तसेच राहत, आणि सहमती दरवाढीला आहे की हप्त्यांना, हे सेक्रेटरींना प्रत्येकाला फोन करून विचारावे लागे. मात्र एखादी तक्रार व्यवस्थापन समितीकडे पुढे पाठवायची असेल, तर मूळ ईमेल काटछाट न करता संपूर्णच जोडावा.