यॉर्कशायर आणि लँकेशायरवाल्यांचं एकमेकांशी नेमकं काय वाकडं आहे?

वाकडं असं काही नाही, उत्तर इंग्लंडमधल्या या दोन शेजारी काउंट्यांचं (म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या भागांचं) हौसेचं भांडण आहे. कारण विचारलं की सगळे पंधराव्या शतकातल्या गुलाबांच्या युद्धांकडे बोट दाखवतात: यॉर्कचा पांढरा गुलाब, लँकेस्टरचा तांबडा. पण ती लढाई दोन राजघराण्यांची होती. यॉर्कशायरमधले कितीतरी सरदार उलट लँकेस्टरच्याच बाजूने लढले. आज खरी खुन्नस दिसते ती क्रिकेटमध्ये, 'रोझेस मॅच'ला, म्हणजे या दोन काउंट्यांच्या सामन्याला.

यॉर्कशायरवाला म्हणजे चिकट, फटकळ आणि आपल्या काउंटीबाहेर काही चांगलं असतं हे न मानणारा, अशी थट्टा चालते. गंमत म्हणजे ती यॉर्कशायरवालेच जास्त रंगवून सांगतात. त्यांच्या क्रिकेट क्लबात तर हद्दीत जन्मलेलाच खेळाडू घ्यायचा असा दंडक होता (जुने कप्तान लॉर्ड हॉक जन्माने लिंकनशायरचे, ते मात्र चालून गेले!). हे सोवळं १९९२ साली सुटलं आणि क्लबाचा पहिला परदेशी खेळाडू म्हणून मैदानात उतरला आपला १९ वर्षांचा सचिन. पुढे इंग्लंडचा फलंदाज मायकेल वॉनही आला, तो तर जन्माने चक्क लँकेशायरकडचा.

१९७४ मध्ये सरकारने सीमा बदलून यॉर्कशायरमधला सॅडलवर्थचा भाग ग्रेटर मँचेस्टरात टाकला. तिथे आजही १ ऑगस्टच्या 'यॉर्कशायर डे'ला पांढरा गुलाब मिरवतात. तिथल्या कुणाला "तुम्ही मँचेस्टरचे का?" असं चुकूनही विचारू नका.