थंडी नागपूरची, धास्ती वसईची

डिसेंबर लागला की समुपदेशक म्हणून माझ्याकडे एक प्रश्न फिरून येतो. बाळाचा पहिलाच सण, आईच्या माहेरी न्यायचंय, पण लेकरू लहान, प्रवास लांबचा आणि घरात दोन मतं. दिवाळीतही हाच प्रश्न असतो. त्या वर्षी तो नाताळचा होता. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

सून वसईची, कॅथलिक, माहेरी तिकडची सामवेदी बोली बोलणारी. मुलगा नागपुरातल्या मानेवाड्याचा. विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी लग्न झालेलं, दोन्ही घरं वर्षभर रुसून मग निवळलेली. बाळ सात महिन्यांचं. तिला नाताळात आठ दिवस माहेरी जायचं होतं आणि सासूबाई म्हणत होत्या, थंडी आहे. नवऱ्यानं खुर्चीत बसता बसताच विचारलं, "मॅडम, तुम्हीच सांगून द्या, नेता येतं का एवढ्या लहान पोराला?"

मी सांगून दिलं, आणि तिथंच चुकले. प्रवासाचा प्रश्न म्हणून त्याला प्रवासाचं उत्तर दिलं. चौदाव्या आठवड्यापर्यंतच्या लसी झाल्या होत्या, गोवर-रुबेलाची नवव्या महिन्यात येणार होती. निघण्याआधी एकदा बालरोगतज्ज्ञांना दाखवा म्हटलं. संध्याकाळची विदर्भ एक्सप्रेस धरा, बाळ रात्रभर झोपेल, सकाळी दादरला उतरून विरारकडची लोकल घ्या. त्या वेळी गर्दी उलट्या दिशेला असते. एसी डब्यात गार वारा थेट बाळाच्या अंगावर येणार नाही असा बर्थ बघा. विमानानं गेलात तर चढताना-उतरताना अंगावर पाजा, कानाला दडा बसत नाही. केकचा तुकडा कौतुकानं कुणी भरवू नये, आणि मध तर वर्षाचा होईपर्यंत बोटानंही चाटवू नये. त्यातल्या जंतूंमुळे तान्ह्या बाळांना क्वचित, पण गंभीर आजार होतो. दोघं समाधानानं उठले. मीही.

आठवड्यानं ती एकटीच आली. तिकिटं काढलीच नव्हती. "आईंनी आता न्यूमोनियाचं काढलंय."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता. एरवीही डिसेंबरच्या रात्री इथं दहाच्या खाली जातात. वसई समुद्रकाठी, तिथं स्वेटर पेटीतून निघतो तो हौसेपुरता. थंडीचीच भीती असती तर सासूबाईंनी नातवाला स्वतःहून वसईला धाडलं असतं! इतकं तकलादू कारण कुणी इतक्या चिवटपणे धरून ठेवतं, तेव्हा मी थर्मामीटर बाजूला ठेवते.

मधल्या काळात नवऱ्यानं तोडगा काढला होता: सदरला एवढं मोठं कॅथेड्रल आहे, नाताळ इथंच करू. ती म्हणाली, "चर्चमधली मिस्सा मला कुठेही मिळेल मॅडम. आजी कुठे मिळणार? ती पंचाऐंशीची आहे. तिच्या मांडीवर बाळ बसवायचंय आणि आठ दिवस माझ्या भाषेत भांडायचंय." बाळाला या नाताळचं काहीही आठवणार नाही, हे तिलाही ठाऊक होतं. सण तिला हवा होता. बाळंतपणानंतर सात महिने ती दुसऱ्यांच्या पद्धतीनं आई झाली होती. शेक, धुरी, डिंकाचे लाडू, सगळं सासरच्या रीतीनं. त्यात वावगं काही नाही, पण माणूस दमतं.

मी सासूबाईंना बोलावलं. एकट्यांना. त्या मांडीवर पिशवी धरून खुर्चीच्या काठावर बसल्या. थंडीचं बोलून झालं, लेकराच्या सर्दीचं झालं. मग मी विचारलं, "आठ दिवसांनी बाळ परत येईल तेव्हा काय बदललेलं असेल, असं वाटतं?"

बराच वेळ त्या पिशवीचा बंद पिळत राहिल्या. "मले त्यांच्या सणाचं वावडं नाही जी. सून चांगली आहे. पण तिकडं नेऊन पाणी टाकलं त् डोक्यावर? मले कोण सांगते मग?"

बाप्तिस्मा, बाळाला ख्रिस्ती धर्मात घेण्याचा विधी. महिनाभर हा शब्द त्या घरात कुणी उच्चारला नव्हता, आणि महिनाभर घर त्याच्यावरूनच भांडत होतं.

पुढच्या खेपेला तिघांना एकत्र बसवलं. सून आधी भडकली, "मी चोरून करीन असं वाटलं तुम्हाला?" ते स्वाभाविक होतं. मग तिनंच सांगितलं की कॅथलिक चर्चमध्ये बाळाला आणलं आणि उरकलं असं होत नाही. आईवडिलांपैकी निदान एकाची संमती लागते, फादर आधी बोलतात, गॉडपेरंट ठरवावे लागतात. मी तिला विचारलं, "तुला करायचा आहे का?" ती गप्प झाली. "माहीत नाही. आम्ही लग्नाआधी म्हटलं होतं, पुढचं पुढे बघू."

हे 'पुढचं पुढे' मी आंतरधर्मीय जोडप्यांकडून इतकं ऐकलंय की त्याची उधारी कधी वसूल होते हेही मला पाठ झालंय: पहिलं मूल, पहिला सण. माझं मत स्पष्ट आहे. हा प्रश्न नवरा-बायकोचा. आजी दोन्हीकडच्या असोत, त्यांना निर्णय कळवायचा असतो, त्यांच्याकडून घ्यायचा नसतो. आणि सासूला सांगायचं काम सुनेनं करू नये, मुलानं करावं. त्याला ते जड गेलं. तरी माझ्या समोरच तो म्हणाला, "आई, या खेपेला असं काही होणार नाही. पुढं काय करायचं ते आम्ही दोघं त्याच्या वाढदिवसाआधी ठरवू आणि मी तुला सांगीन. हो असलं तरी, नाही असलं तरी." सासूबाईंना उत्तरार्ध आवडला नाही, हे चेहऱ्यावर दिसलं. पण त्यांना उत्तर मिळालं होतं, आणि थंडीचा विषय पुन्हा निघाला नाही.

निघताना सुनेला एक गोष्ट सांगून ठेवली, जी खरं तर पहिल्याच दिवशी सांगायला हवी होती. सहा-आठ महिन्यांच्या आसपास बाळ ओळखीचे आणि अनोळखी चेहरे वेगळे करू लागतं. व्हिडिओ कॉलवर हसणारं बाळ प्रत्यक्ष मांडीवर किंचाळू शकतं. माहेरच्यांना आधीच सांग, आल्या आल्या हातातून घेऊ नका. तुझ्या कडेवर असू दे, तू आजीशी बोल, त्याला बघू दे.

तसंच झालं. पहिले दोन दिवस पंचाऐंशीच्या आजींकडे पाहून त्यानं गल्ली डोक्यावर घेतली. आजी रुसल्या, तिसऱ्या दिवशी त्यानं आपणहून त्यांच्या लुगड्याचा काठ तोंडात घातला. मध्यरात्रीच्या मिस्सेला बाळ आणि बाप घरीच झोपले. ती आईबरोबर गेली.

पंचवीस तारखेला तिनं मला फोटो पाठवला: ताऱ्याच्या आकाशकंदिलाखाली येशूजन्माच्या देखाव्याची गव्हाणी, समोर बाळ, डोक्यावर सासूबाईंनी विणलेली लोकरी कानटोपी, कपाळावर घामाचे थेंब. तोच फोटो मानेवाड्यालाही गेला होता. तिकडून आलेला निरोप तिनं खाली जोडला होता: "टोपी काढ बाप्पा त्याची. उकडून राह्यलं ना लेकराले."