रूमी म्हणजे नेमका कुठला?

प्रश्न असा आहे: काष्ठौषधीच्या दुकानातली रुमी मस्तकी, सूफी कवी जलालुद्दीन रूमी आणि मुलूखमैदान तोफ ओतणारा रूमी खान, हे सगळे रोमचे का? आणि भाषांतरात ‘रूमी’साठी ‘रोमन’ लिहिलं तर चालेल का?

‘रूम’ हा अरबी-फारसी शब्द रोमवरूनच आला, पण त्याचा रोख इटलीकडे नाही. सम्राट कॉन्स्टन्टाइनने ३३० साली बॉस्फरसच्या काठी नवी राजधानी केली, तेच कॉन्स्टँटिनोपल. पश्चिमेकडचं रोमन साम्राज्य पाचव्या शतकात मोडलं. पूर्वेकडचं पुढे जवळजवळ हजार वर्षं टिकलं. आपण त्याला ‘बायझंटाइन’ म्हणतो, पण हे नाव ते साम्राज्य बुडाल्यावर युरोपातल्या विद्वानांनी रूढ केलं. तिथली ग्रीक बोलणारी ख्रिस्ती प्रजा स्वतःला रोमनच म्हणवत असे. अरबांनी तेच ऐकलं आणि त्यांना ‘रूम’ म्हटलं. कुराणाच्या तिसाव्या सूरेचं नावच ‘अर्-रूम’ आहे.

इथे अरबीने केलेला एक भेद मला फार आवडतो. सॉक्रेटिस, ॲरिस्टॉटल यांच्या काळचे ग्रीक ते ‘युनान’, आणि शेजारचे ख्रिस्ती ग्रीक ते ‘रूम’. म्हणून जुन्या ग्रीकांचं वैद्यक अरबीतून फिरून आपल्याकडे आलं ते ‘युनानी’ झालं, ‘रूमी’ नाही. मात्र ते ग्रंथ जपले होते रूमनेच. दहाव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलच्या सम्राटाने स्पेनमधल्या कॉर्दोबाच्या खलिफाला डायोस्कोरिडीसचा वनौषधींवरचा ग्रीक ग्रंथ भेट पाठवला. तिथे तो वाचणारा कोणी सापडेना, तेव्हा खलिफाच्या विनंतीवरून निकोलस नावाचा एक ख्रिस्ती साधू पाठवण्यात आला. त्याने तिथल्या वैद्यांबरोबर बसून एकेका वनस्पतीची ओळख पटवली. ख्रिस्ती सम्राट, मुसलमान खलिफा आणि मध्ये एका झाडपाल्याच्या पुस्तकाची देवाणघेवाण!

आता जलालुद्दीन. १०७१ मध्ये मांझिकर्टच्या लढाईत सेल्जुक तुर्कांनी रूमच्या सम्राटाला हरवलं आणि आजच्या तुर्कस्तानचा मोठा भाग हळूहळू त्यांच्याकडे गेला. राज्यकर्ते बदलले, धर्म बदलला, पण मुलखाचं नाव रूमच राहिलं आणि नवे सुलतानही स्वतःला रूमचेच म्हणवू लागले. त्यांची राजधानी कोन्या. बल्खकडून (आजचा अफगाणिस्तान) आलेलं जलालुद्दीनचं घराणं तिथे स्थिरावलं, १२७३ मध्ये तो तिथेच वारला, म्हणून ‘रूमी’. लिहिलं त्याने फारसीत. पुढे १४५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल जिंकल्यावर उस्मानी (ऑटोमन) तुर्कांचा सुलतान दुसरा मेहमद यानेही ‘कैसर-ए-रूम’, म्हणजे रूमचा सम्राट, अशी पदवी घेतली.

हिंदुस्थानात ‘रूमी’ म्हणजे उस्मानी तुर्कांच्या मुलखातला, असा अर्थ बसला तो यातूनच. तोफा ओतण्यात हे लोक वाकबगार होते. विजापूरच्या बुरुजावरची मुलूखमैदान १५४९ मध्ये अहमदनगरात ओतली गेली, आणि तिचा कारागीर रूमी होता. जुन्या मराठीत ‘रूमशाम’ अशी जोडीही भेटते, त्यातलं शाम म्हणजे सीरिया.

मस्तकी ही एजियन समुद्रातल्या कीऑस बेटावरच्या एका झुडपाचा डिंक. फिकट पिवळे, काचेसारखे खडे. दाताखाली घेतला की आधी कुरकुरतो, मग मऊ होऊन चिकटतो, आणि देवदारासारखा वास तोंडात राहतो. ते बेट आधी रूमच्या सम्राटाचं, पुढे उस्मान्यांचं. नाव दोन्हीकडून चपखल.

(‘रुमाल’ मात्र यातला नाही. तो फारसी ‘रू’ म्हणजे चेहरा आणि ‘माल’ म्हणजे पुसणारं, यांवरून.)

म्हणून भाषांतरात ‘रोमन’ लिहू नये. ‘सुलतान-ए-रूम’चं ‘रोमचा सुलतान’ केलं की वाचक थेट इटलीत पोचतो. ‘रूमचा सुलतान’ असंच ठेवावं आणि पहिल्या उल्लेखाशी ‘आजचा तुर्कस्तान’ एवढं जोडावं. अकराव्या शतकाआधीचा मजकूर असेल, तर ‘रूम’ म्हणजे बहुधा बायझंटाइन साम्राज्य. तिथे तसं स्पष्ट लिहावं.