पिस्तूल घ्यायची घाई नको

मागच्या अंकात 10 मीटर एअर पिस्तूलबद्दल, म्हणजे 10 मीटरवरच्या टार्गेटवर हवेच्या पिस्तूलने नेम धरायच्या खेळाबद्दल, थोडंसं लिहिलं होतं, त्यावर इतके मेसेज आले की या वेळचा पूर्ण कॉलम त्यालाच देतेय. बरेच प्रश्न सारखेच होते, म्हणून निवडक घेतलेत. नावं कुणाचीच देत नाहीये.

ताई नमस्कार. आम्ही इंदूरच्या लोकमान्य नगरला राहतो. मुलगी तेरा वर्षांची आहे, पॅरिसमध्ये मनू भाकरला दोन ब्राँझ मिळाली तेव्हापासून तिच्या डोक्यात फक्त शूटिंग आहे. एका रेंजवर चौकशीला गेलो तर पहिल्याच भेटीत सांगितलं की स्वतःचं पिस्तूल घ्या नाहीतर प्रोग्रेस होणार नाही. किंमत ऐकून हे तर गप्पच झाले. मुलगी रोज विचारते. काय करावं?

वहिनी, घेऊ नका. निदान आत्ता तरी अजिबात नाही.

मॅचचं चांगलं इम्पोर्टेड पिस्तूल, मोरिनी म्हणा स्टायर म्हणा वॉल्थर म्हणा, दीड-दोन लाखांच्या पुढेच जातं आणि त्यात सगळ्यात महत्त्वाचा भाग असतो लाकडी ग्रिप, जी हाताच्या मापाने येते, स्मॉल, मीडियम, लार्ज अशी. तुमच्या मुलीचा हात अजून वाढतोय. आज घेतलेली ग्रिप दोन वर्षांनी बोटांना आखूड पडेल, मग ती बदला, नाहीतर मुलगी तशीच चुकीची पकड घेऊन मारत राहते आणि ती सवय नंतर सुटता सुटत नाही. शिवाय पिस्तूल साधारण किलोभर वजनाचं, एका हाताने, हात सरळ ताणून धरायचं. तेरा वर्षांच्या खांद्याला हे एकदम झेपत नाही, सुरुवातीला टेकू देऊन किंवा दोन हातांनी शिकवतात आणि तसंच शिकवायला पाहिजे.

पहिलं वर्ष रेंजच्या पिस्तूलवर काढू द्या. रेंज निवडताना मात्र डोळे उघडे ठेवून बघा. कोच मुलाच्या मागे उभा राहून कुठे बघतोय, टार्गेटकडे की मुलाच्या बोटाकडे? बोटाकडे बघणारा कोच पाहिजे. पहिल्या दिवशीच हातात पॅलेट, म्हणजे पिस्तूलचे छर्रे, दिले की आधी नुसतं उभं राहणं, पिस्तूल उचलणं, खाली ठेवणं शिकवलं? टेबलावर ठेवलेल्या प्रत्येक पिस्तूलच्या नळीत सेफ्टी फ्लॅग, म्हणजे ती केशरी दोरी, घातलेली आहे का? कुणी टार्गेटकडे चालत गेलं असताना कुणी पिस्तूलला हात लावतंय का? हे शेवटचं एकदा जरी दिसलं तरी मुलीला घेऊन घरी या, मग ती रेंज कितीही नावाजलेली असो.

आणि पैशाच्या काळजीने तिचं स्वप्न मोडू नका. आपल्याच राज्याची, मध्य प्रदेशची, शूटिंग अकादमी भोपाळला आहे, ट्रायल घेऊन मुलं निवडतात. चिंकी यादव त्याच अकादमीतून घडली, वडील भोपाळच्या स्टेडियमवर इलेक्ट्रिशियन, आणि 2021 साली दिल्लीच्या वर्ल्ड कपमध्ये 25 मीटर पिस्तूलचं गोल्ड तिने जिंकलं. 2023 ला तर अख्खा वर्ल्ड कपच भोपाळात झाला, सरबजोत सिंगने एअर पिस्तूलचं गोल्ड तिथेच घेतलं. पुढच्या वेळी अशी मोठी मॅच जवळ आली की मुलीला घेऊन जा आणि एक पूर्ण डिटेल, म्हणजे एका वेळी मारणारी अख्खी तुकडी, मागे बसून बघा, टीव्हीवर फक्त फायनल दिसते, खरा खेळ त्या आधीच्या सव्वा तासात असतो.

मॅडम, मी बँकेत आहे, वय 47, चष्मा आहे. सहा महिन्यांपासून संध्याकाळी रेंजवर जातो. माझा प्रॉब्लेम असा की हात हलतो. कितीही व्यायाम केला, दंड मारले, तरी हलतोच. कधी दहा लागतो कधी एकदम सहा. या वयात हे जमणारच नाही का?

दादा, हात सगळ्यांचा हलतो. ऑलिम्पिकच्या फायनलला उभ्या असलेल्यांचाही हलतो. तुमचा सहा हाताच्या हलण्याने लागत नाहीये, हे मी इथे बसून सांगू शकते, आणि का ते नीट समजून घ्या, कारण हे एकदा डोक्यात बसलं की निम्मी लढाई संपली.

10 मीटर एअर पिस्तूलच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ 11.5 मिलिमीटरचं, आणि त्याच्या बाहेर प्रत्येक रिंग 8 मिलिमीटर रुंद. पिस्तूलवर नेम धरायला दोन साइट असतात, पुढे फ्रंट साइट आणि मागे खाच असलेली रिअर साइट. आता समजा तुमचा पूर्ण हात, साइटसकट, आहे तसाच सरळ 4 मिलिमीटर डावीकडे सरकला, तर टार्गेटवरचा शॉटही 4 मिलिमीटरच डावीकडे जाणार, म्हणजे दहाच. पण समजा हात एकदम स्थिर आहे आणि फ्रंट साइट रिअर साइटच्या खाचेत मधोमध नसून फक्त 1 मिलिमीटर डावीकडे आहे. दोन साइटमधलं अंतर असतं साधारण 33 सेंटिमीटर, टार्गेट आहे 10 मीटरवर, म्हणजे ती चूक टार्गेटपर्यंत पोचेपर्यंत तीसपट होते. शॉट 3 सेंटिमीटर बाहेर, सरळ सात. त्याच वेळी ट्रिगर झटक्यात ओढला की सहा, पाच काहीही.

म्हणून नजर फ्रंट साइटवर. टार्गेट धूसर दिसलं पाहिजे. धूसरच. काळा गोळा स्पष्ट दिसतोय म्हणजे तुमची नजर पुढे निसटली, तो शॉट मारू नका. आणि नेम काळ्याच्या मध्यावर धरू नका, काळ्याच्या खाली पांढऱ्यात धरा आणि साइट तशी सेट करून घ्या, पांढऱ्यावर काळी साइट स्वच्छ दिसते, काळ्यावर काळी हरवते.

आता ट्रिगर. एअर पिस्तूलचा ट्रिगर कमीत कमी 500 ग्रॅमचा असावा लागतो. दाब हळूहळू वाढत जायला हवा, आणि हात हलत असतानाच वाढत जायला हवा. तुमचं काय होतंय ते सांगते: तुम्ही वाट बघताय की साइट एकदम मधोमध आली की पटकन मारू, आणि त्या "पटकन"मध्ये मनगट मोडतं. उजव्या हाताने मारणाऱ्याचा असा शॉट बहुतेक खाली डावीकडे जातो. तुमचे सहा कुठे आहेत ते बघा. खाली डावीकडे जमा झाले असतील तर दंड मारणं कमी करा आणि ट्रिगरवर या.

घरी करायची प्रॅक्टिस: पिस्तूल रिकामं आहे ते दोनदा तपासा, ड्रायचा खटका लावा, म्हणजे हवा न सुटता नुसता ट्रिगर सुटतो, आणि कोऱ्या भिंतीसमोर उभे राहा. टार्गेट वगैरे काही चिकटवू नका. नुसत्या पांढऱ्या भिंतीवर साइट जुळवा आणि ट्रिगर सुटेपर्यंत फ्रंट साइट बघत राहा, सुटल्यावरही दोन सेकंद बघत राहा. सुटताना साइट जागची हलली का? एवढंच बघायचं. रोज वीस मिनिटं खूप झाली. टार्गेट समोर नसलं की दहाची हाव नसते, त्यामुळे बोट खरं वागतं. आणि हात वर गेल्यावर आठ-दहा सेकंदांत शॉट सुटला नाही तर पिस्तूल खाली घ्या, श्वास घ्या, परत उचला. खाली घेणं ही शिकण्याची गोष्ट आहे, मी तर म्हणते सगळ्यात अवघड तीच, कारण हात दुखायला लागलेला असतो आणि मन म्हणत असतं आता मारूनच टाक.

चष्म्याचं: चाळिशीनंतर हातभर अंतरावरचं अंधुक व्हायला लागतं आणि फ्रंट साइट नेमकी तिथेच असते. बायफोकलने मान वाकडी होते. डोळ्याच्या डॉक्टरांकडे जाताना साइट डोळ्यापासून किती लांब येते ते टेपने मोजून न्या आणि त्या अंतरासाठी शूटिंगच्या डोळ्याला वेगळा नंबर काढून घ्या, दूरच्या नंबरात थोडासा प्लस द्यावा लागतो. दुसरा डोळा मिचकावू नका, मिचकावून मिचकावून नेमाचा डोळाही थकतो, त्याच्यापुढे पांढरा पुठ्ठा लावा, 30 मिलिमीटर रुंदीपर्यंत नियमात चालतो.

वयाचं म्हणाल तर आपल्याकडे मास्टर्सची वेगळी कॅटेगरी असते. तुम्ही येताय हेच मला फार आवडलं.

लायसन्स लागतं का? आणि घराच्या गच्चीवर प्रॅक्टिस केली तर चालेल का? सुदामा नगरमध्ये स्वतःचं घर आहे, मागे मोकळा प्लॉट आहे.

4.5 मिलिमीटर, म्हणजे पॉइंट 177 कॅलिबरचं आणि 20 जूलच्या आतलं एअर पिस्तूल असेल तर 2016 च्या आर्म्स रूल्सप्रमाणे लायसन्स लागत नाही. मॅचचं पिस्तूल सहा जूलच्या आसपासच असतं. घेताना ओळखपत्र द्या आणि पक्कं बिल सांभाळून ठेवा, रेंजवर नेताना बॅगेत ते असू द्या. पॉइंट टू टू, म्हणजे 25 मीटरचं पिस्तूल, हे खरं फायरआर्म, त्याला लायसन्स लागतंच आणि त्याचा विचार एअर पिस्तूलवर हात बसल्यावर करा.

गच्चीवर पॅलेट मारायचं नाही. मोकळ्या प्लॉटकडे तोंड करून तर नाहीच नाही. पॅलेट भिंतीवरून उलटून येतो, डोळा जातो, आणि प्लॉटमध्ये पोरं खेळायला येतात. घरी फक्त ड्राय.

दीदी मी राऊला राहतो कॉलेजला आहे एक सिनियर त्याचं पिस्तूल विकतोय अर्ध्या किमतीत, कंडिशन एकदम टॉप म्हणतोय, घेऊ का, काय काय बघू

तू दीड-दोन वर्षं नियमित मारत असशील तर सेकंड हँड घेणं शहाणपणाचं आहे. पण "टॉप कंडिशन" या शब्दावर जाऊ नकोस, आधी पिस्तूलचा हवेचा सिलिंडर हातात घे. त्यावर बनवल्याची तारीख कोरलेली असते. एअर सिलिंडरचं आयुष्य 10 वर्षांचं धरतात, त्यापुढचा सिलिंडर मॅचला चालत नाही, आणि त्यात 200 बारपर्यंत हवा भरतात तेव्हा प्रश्न नुसत्या नियमाचा नाही, जिवाचा आहे. दोन सिलिंडर मिळतायत म्हणून खूश होऊ नकोस, दोन्हींच्या तारखा बघ. नवीन सिलिंडरची किंमत काढ आणि ती भावातून वजा करून बोल.

मग सिलिंडर भरून रात्रभर ठेव, सकाळी काटा उतरला असेल तर सील गेलेत. ट्रिगरवर 500 ग्रॅमचं वजन टांगून बघ, पेलतंय का. पिस्तूल क्लॅम्पमध्ये किंवा टेकूवर ठेवून एकाच डबीतले दहा पॅलेट मार, ग्रुप, म्हणजे सगळे शॉट मिळून, एका भोकात आला पाहिजे. इलेक्ट्रॉनिक ट्रिगर असेल तर सर्व्हिस कधी झाली ते विचार. टोकियोत मनू भाकरचं पिस्तूल ऐन क्वालिफिकेशनमध्ये बिघडलं, दुरुस्तीत वेळ गेला, 600 पैकी 575 झाले आणि फायनल हुकली. तिच्या लेव्हलला हे होऊ शकतं तर जुन्या पिस्तूलला नक्की होऊ शकतं.

आणि मे महिन्यात भरलेला सिलिंडर गाडीत ठेवून क्लासला जाऊ नकोस. इंदूरच्या उन्हात बंद गाडी किती तापते ते तुला माहितीये.

मॅम, माझा प्रॅक्टिसचा स्कोअर 540 च्या आसपास येतोय. मॅच कशी खेळायची? कुठून सुरुवात? आमच्या इथे महूला आर्मीची एवढी मोठी शूटिंग युनिट आहे, तिथे शिकता येईल का?

महूची आर्मी मार्क्समनशिप युनिट फौजेसाठी आहे, आपण फॉर्म भरून जाऊ असं ते नाही. पण तिथे काय घडतं याचा अभिमान जरूर बाळग, लंडन 2012 ला रॅपिड फायर पिस्तूलचं सिल्व्हर जिंकणारे विजय कुमार तिथलेच, जीतू रायही तिथलेच.

तुझा रस्ता क्लबमधून जातो. क्लबची मेंबरशिप, जिल्ह्याची मॅच, मग स्टेट, मग झोनल किंवा मावळंकर स्पर्धा, मग नॅशनल, आणि वर सरकायला प्रत्येक टप्प्यावर क्वालिफाइंग स्कोअर असतो जो नॅशनल रायफल असोसिएशनच्या त्या वर्षीच्या सर्क्युलरमध्येच बघायचा, सिनियरने सांगितलेल्या आकड्यावर राहू नको. मावळंकर म्हणजे आपले गणेश वासुदेव मावळंकर, जन्म बडोद्याचा, लोकसभेचे पहिले सभापती, आणि 1951 ला असोसिएशन सुरू झाली तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरातला माणूस, म्हणून मी मुलांना हे मुद्दाम सांगते.

540 म्हणजे शॉटमागे सरळ नऊ, पहिल्या मॅचला जायला भरपूर झाले. मॅचमध्ये 60 शॉट, इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर 75 मिनिटं, त्याआधी तयारी आणि सायटिंगला 15 मिनिटं. सायटिंगचे शॉट, म्हणजे साइट जुळवायला मारलेले आणि स्कोअरमध्ये न धरलेले सायटर, हवे तेवढे, पण एकदा मॅच सुरू झाली की सायटर बंद, म्हणून साइटचे क्लिक जे फिरवायचे ते तेव्हाच फिरव. आदल्या दिवशी किंवा सकाळी इक्विपमेंट कंट्रोलला जावं लागतं, पिस्तूल ठरलेल्या पेटीत बसतं का बघतात, वजन 1500 ग्रॅमच्या आत पाहिजे, ट्रिगर तपासतात. बूट घोट्याच्या खालचेच घाल. सेफ्टी फ्लॅग विसरू नको, दोन ठेव.

पहिल्या मॅचला छाती धडधडते आणि मुलं घाईघाईने मारत सुटतात, अर्ध्या तासात साठ संपवून बाहेर येतात. एका शॉटला सव्वा मिनिट आहे, वापर. मध्येच चार-पाच शॉट खराब गेले तर पिस्तूल टेबलावर ठेव, खुर्चीवर बस, पाणी पी, मॉनिटरकडे पाठ कर. मग आधी दोन ड्राय मार आणि मगच पॅलेट घाल. सकाळची डिटेल असेल तर पोहे खाऊन जा, पण जिलबीवर ताव मारू नको, आणि मॅच झाल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय काही तोंडात घालायचं नाही, पॅलेट शिशाचे असतात.

निघण्याआधी स्कोअरची प्रिंट मागून घे. त्यात प्रत्येक शॉट कुठे लागला ते असतं. ती दुसऱ्या दिवशी कोचसमोर ठेव आणि आधी त्यांना बोलू दे.