फिलिपिन्सचा बास्केटबॉलपटू जॉनी अबारिएन्तोस खेळणं थांबवल्यावर कुठे गेला?

बास्केटबॉल सोडून तो गेलाच नाही! पीबीएमध्ये, म्हणजे तिथल्या व्यावसायिक लीगमध्ये, तो सहाय्यक प्रशिक्षक झाला. त्याच लीगमधल्या अलास्का संघाकडून खेळताना ज्यांनी त्याला घडवलं, त्या प्रशिक्षक टिम कोन यांच्याच हाताखाली. पुढे मॅग्नोलिया संघाच्या बाकावर तो दिसू लागला.

पण खरी गंमत त्याच्या खेळात होती. उंची जेमतेम साडेपाच फुटांच्या पुढे, तरी 1996 मध्ये मोसमातला सर्वोत्तम खेळाडू. त्याच वर्षी अलास्काने लीगच्या मोसमातल्या तिन्ही स्पर्धा जिंकल्या. समोरच्याचा चेंडू जमिनीवर आपटून वर येईपर्यंत याचा हात मध्ये गेलेला असायचा. 1998 च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत कांस्यपदक मिळवणाऱ्या फिलिपिन्सच्या संघातही तो होता. पोरांना बचाव शिकवायला याहून चांगला माणूस मला तरी सुचत नाही.