बोअरच्या कोमट पाण्यावरून पृथ्वीच्या पोटातली उष्णता मोजता येते का?

आपल्या शेतातल्या २०० फुटांच्या बोअरचे पाणी हिवाळ्यात कोमट लागते, त्यावरून भूगर्भातून वर येणारी उष्णता मोजता येईल का, असे आपण विचारले आहे. केवळ त्या पाण्यावरून ती मोजता येणार नाही. आपल्या विदर्भात दहा-पंधरा मीटरच्या खाली जमिनीचे तापमान बाराही महिने वार्षिक सरासरीच्या जवळपास राहते. डिसेंबरच्या पहाटे हवा गार असते म्हणून तेच पाणी कोमट वाटते आणि मे महिन्यात थंड. २०० फुटांवर खोलीमुळे पडणारी भर जेमतेम दीड-दोन अंशांची असते.

उष्णतेचा प्रवाह, म्हणजे चौरस मीटरमागे खालून वर येणारी उष्णता, काढायचा तर खोलीगणिक तापमान किती चढते आणि मधला खडक उष्णता कितपत वाहून नेतो, या दोहोंचा गुणाकार करावा लागतो. दुसरी गोष्ट बहुतेक जण विसरतात. यवतमाळ-अमरावतीकडच्या काळ्या पाषाणाची उष्णतावाहकता साधारण १.७ (वॅट प्रति मीटर प्रति अंश) धरली, तर गडचिरोलीकडच्या ग्रॅनाइटसारख्या खडकाची ३ च्या आसपास भरते. म्हणून दोन्हीकडे तापमान सारखेच चढत असले, तरी प्रवाहात जवळजवळ पावणेदोन पटींचा फरक पडेल.

मोजणीसाठी चालू बोअर मुळीच कामाची नाही, कारण मोटर वेगवेगळ्या झऱ्यांचे पाणी एकत्र ओढते. खोदून काही महिने झालेली, वापरात नसलेली आणि आत पाणी उभे असलेली खोल बोअर निवडावी, तारेला बांधलेला तापमान मोजणारा संवेदक सावकाश खाली सोडावा आणि प्रत्येक नोंद खाली जातानाच घ्यावी; वर ओढताना पाणी ढवळले जाते. भूजलाच्या कामात मी अशा नोंदी घेत आलो आहे, आणि आलेख जिथे अचानक वाकतो, तिथे भेगांतून पाणी वाहते असे समजून तो भाग सरळ वगळतो. सालबर्डीच्या गरम झऱ्यावरूनही याच कारणाने परिसराचा प्रवाह ठरवता येत नाही.

किलोमीटरमागे २५ अंशांची वाढ आणि काळा पाषाण धरला, तर चौरस मीटरमागे सुमारे ४२ मिलिवॅट येतात. म्हणजे एकरभर जमिनीतून कसेबसे १७० वॅट, छताचे दोन पंखे चालतील एवढेच! मे महिन्यातल्या दुपारी सूर्य एकेका चौरस मीटरवर हजार वॅटच्या आसपास ओततो, तेव्हा आपल्याकडच्या उन्हाळ्याचा दोष जमिनीच्या पोटाला देण्यात अर्थ नाही.