अमेरिकेत एच-वन-बी (नोकरीच्या) व्हिसावर असताना घरावर स्वतःचा वॉकीटॉकी रिपीटर लावता येतो का?

तुम्ही लिहिलंय की टेक्सासमध्ये घर घेतलंय, बायको-मुलं आणि पलीकडच्या गावातला भाऊ यांच्याशी वॉकीटॉकीवर बोलायला घरावर रिपीटर (सिग्नल पकडून तो पुन्हा जोरात पुढे सोडणारं यंत्र) बसवायचाय, पण सिटिझन नाही म्हणून अडेल का. अजिबात नाही अडणार. यासाठी लागतं ते जीएमआरएसचं (कुटुंबाने वापरायच्या वॉकीटॉकीसारख्या रेडिओ सेवेचं) लायसन्स, त्याला नागरिकत्वाची अटच नाही, वय १८ पूर्ण हवं आणि तुम्ही परदेशी सरकारचे प्रतिनिधी नसावं, बास. परीक्षा नाही, फी ३५ डॉलर, १० वर्षं चालतं. एफसीसीच्या (रेडिओची लायसन्सं देणारी अमेरिकी सरकारी संस्था) साइटवर आधी एफआरएन, म्हणजे तुमचा नोंदणी नंबर काढा, मग अर्ज भरा. एका लायसन्सवर बायको, मुलं, आईवडील, भाऊ, अगदी सासूसासरेसुद्धा बोलू शकतात, मित्राला मात्र स्वतःचं काढावं लागेल.

रिपीटरला वेगळं लायसन्स नाही. तो ४६७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात ऐकतो आणि तेच त्याच क्षणी ४६२ वर परत सोडतो, दोघांत बरोबर ५ मेगाहर्ट्झचं अंतर, अशा ८ जोड्या आहेत. कुठलीच जोडी कुणाच्या मालकीची नसते त्यामुळे घाईने चॅनेल ठरवू नका, आठ-पंधरा दिवस नुसतं ऐका, सकाळी, रात्री, शनिवार-रविवारी, आणि जिथे आधीच कुणाचा रिपीटर चालू आहे तिथे घुसू नका. सेट जीएमआरएससाठी सर्टिफाइड असलेलेच घ्या, हॅमचा (हौशी रेडिओवाल्यांचा) सेट अनलॉक करून चालवणं नियमात बसत नाही.

आता खरी मेहनत कुठे आहे ते सांगतो. लोक ५० वॅटच्या मागे लागतात (तेवढी कमाल मर्यादा आहे) पण रेंज मिळते ती अँटेनाच्या उंचीने. दुसरं म्हणजे डुप्लेक्सर. एकाच अँटेनावर ऐकणं आणि बोलणं एकदम चालतं, मग स्वतःच्याच ट्रान्समीटरच्या आवाजाने रिसीव्हर बहिरा होतो, ते थांबवायचं काम डुप्लेक्सरचं, आणि तो तुमच्याच जोडीवर ट्यून केलेला हवा. तपासायला सोपं आहे, कुणालातरी हँडसेट घेऊन इतकं लांब पाठवा की सिग्नल जेमतेम येईल, मग रिपीटरचा ट्रान्समीटर बंद ठेवून ऐका आणि चालू करून ऐका, चालू केल्यावर आवाज तुटला तर आधी डुप्लेक्सर आणि केबल बघा, वॅट वाढवून काहीही होणार नाही, उलट बिघडेल. केबल चांगल्या जाडीची घ्या आणि अँटेनाचं अर्थिंग नीट करा, तिकडे विजा भरपूर पडतात. एचओए (घरमालकांची सोसायटी) असेल तर अँटेना चढवायच्या आधी लेखी परवानगी घ्या.

इंटरनेटवरून दुसऱ्या गावातल्या रिपीटरला जोडायचा विचार असेल तर तो सोडा, जीएमआरएसमध्ये तशी परवानगी नाही, एफसीसीने ते स्पष्ट केलंय. दुसऱ्यांना वापरू दिलात तर खर्च वाटून घेता येतो, नफा नाही कमवता येत. बोलणं संपताना कॉलसाइन (लायसन्सबरोबर मिळालेला ओळखीचा कोड) सांगायचा, गप्पा लांबल्या तर दर १५ मिनिटांनीही. गप्पा खुशाल मराठीत मारा, कॉलसाइन मात्र इंग्रजीत.

आणि हे सेट सुट्टीत भारतात वापरायला नेऊ नका. आपल्याकडे कमी पॉवरच्या वॉकीटॉकीला विनापरवाना मुभा आहे ती ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झमध्ये, ४६२-४६७ त्यात येत नाही.